एकच फाइल, विंडोजवर एक मालक आणि लिनक्सवर दुसरा: एडी, सांबा आणि एनएफएसची मोट कशी बांधायची?

मकरपुरा_नोड

मंडळी, मदत हवी आहे. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत आमचं डिझाइन ऑफिस आहे. हीट एक्स्चेंजर, प्रेशर व्हेसल, पायपिंग अशी कामं. खाली ड्रॉइंगवाल्यांची चाळीसेक विंडोज मशीनं, वर सर्व्हर रूममध्ये सीएफडीसाठी (प्रवाहाची गणितं) लिनक्सचे १२ नोड, म्हणजे गणितं करणारी मशीनं, त्यांवर ओपनफोम हा सॉल्व्हर चालतो. आजवर दोघांचं स्टोरेज वेगळं होतं आणि फाइली पेनड्राइव्हमध्ये बसून जिना चढत-उतरत होत्या. आता दोघांत मिळून एक फाइल सर्व्हर घेतलाय. त्यावर लिनक्स आणि एक्सएफएस फाइलसिस्टम. विंडोजला सांबातून (लिनक्सवरच्या फाइली विंडोजला देणारं सॉफ्टवेअर), नोडांना एनएफएसमधून (लिनक्सची नेटवर्कवरून फाइली वाटायची पद्धत). विंडोजचं डोमेन, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरी (एडी, ऑफिसातल्या माणसांची आणि मशीनांची मध्यवर्ती यादी), आधीपासून आहे.

आता गंमत बघा. सॉल्व्हरनं लिहिलेली फाइल विंडोजवर उघडते, पण सेव्ह होत नाही. विंडोजवरून टाकलेली जॉमेट्री काही नोडांवर माझ्या नावाची दिसते, काहींवर 'नोबडी'ची, आणि एका नोडवर चक्क शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या नावाची. शिवाय विंडोजमध्ये सिक्युरिटी टॅबवर जाऊन दिलेले हक्क दुसऱ्या दिवशी सकाळी गायब!

व्हेंडरचा माणूस येऊन 'सगळ्यावर ७७७ मारा, चालेल' असं सांगून चहा पिऊन गेला. म्हणजे कुणालाही काहीही उघडता-बदलता येणार, ते करणार नाही. क्लायंटांशी गुप्ततेचे करार आहेत.

उत्तरायणाला ऑफिस बंद असतं, १४ आणि १५ जानेवारी. तेव्हा कायमचा बंदोबस्त करायचा विचार आहे. सुरुवात कुठून करू?

रावपुरा_रूट

अंदाजपंचे उत्तर देण्यात अर्थ नाही. एक काम करा. तुमचं स्वतःचं नाव घेऊन 'आयडी' ही कमांड दोन वेगळ्या नोडांवर आणि फाइल सर्व्हरवर चालवा आणि यूआयडीचे (यूजरचा क्रमांक) तिन्ही आकडे इथे टाका. नावं नकोत, नुसते आकडे.

(कमांडं देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अशीच टंकू नका.)

विश्वामित्रीतली_मगर

उत्तरायणाला गच्चीवर जायचं सोडून सर्व्हर रूममध्ये? वहिनींना विचारलंत का?

बाकी वाचतोय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

मकरपुरा_नोड

@रावपुरा_रूट: नोड ३ वर १००४, नोड ७ वर १००६, फाइल सर्व्हरवर ३०११.

@मगर: वहिनींचा फतवा आहे की उंधियूच्या वेळेला घरी हजर पाहिजे. त्यामुळे वेळेचं बंधन आहेच.

रावपुरा_रूट

झालं, निदान या तीन आकड्यांतच आहे.

विंडोज माणसाला एसआयडीनं ओळखतं. एस-१-५-२१ पासून सुरू होणारी लांबलचक ओळ, शेवटचा तुकडा म्हणजे त्या डोमेनमधला त्याचा क्रमांक, आरआयडी. लिनक्स माणसाला नुसत्या यूआयडीनं ओळखतं. आणि एनएफएस साध्या पद्धतीनं चालवलं (सेक बरोबर सिस) तर नोड सर्व्हरला फक्त एवढंच सांगतो की 'मी १००४ बोलतोय'. सर्व्हर विश्वास ठेवतो. पासवर्ड नाही, तपासणी नाही, काही नाही.

नोडांवरचे १००४ आणि १००६ हे कुणीतरी हातानं 'यूजरॲड' करत गेल्याचे आकडे आहेत. ज्या क्रमानं माणसं आली त्या क्रमानं नंबर पडले, आणि प्रत्येक नोडवर क्रम वेगळा. म्हणून तुमची फाइल दुसऱ्या नोडवर शेजाऱ्याची होते. फाइलवर नाव कधी लिहिलेलंच नसतं, आकडा असतो. तो वाचणारं मशीन आपापल्या यादीत बघून नाव लावतं.

सर्व्हरवरचा ३०११ मात्र ओळखीचा आहे. सांबाच्या कॉन्फिगमध्ये 'आयडीमॅप कॉन्फिग *' या (ज्यांची वेगळी सोय नाही त्या सगळ्यांसाठीच्या) ओळीला बॅकएंड टीडीबी आणि रेंज ३०००-७९९९ दिलेली असणार. सांबाच्या विकीतून उचललेली ओळ. तुमच्या डोमेनसाठी वेगळी ओळ लिहिलेलीच नाही, म्हणून डोमेनचे सगळे लोक त्या धर्मशाळेत उतरलेत. टीडीबी हे आकडे आल्यागेल्याच्या क्रमानं वाटतं आणि त्याच मशीनवरच्या फाइलीत ठेवतं. उद्या सर्व्हर नव्यानं बसवला आणि ती फाइल गेली, तर ३०११ कोण हे कुणालाच सांगता येणार नाही.

टक्सभाई_तांदळजा

एवढा खटाटोप कशाला? सगळीकडे एसएसएसडी (लिनक्सला एडीतली माणसं ओळखू देणारी सेवा) टाका, 'रेल्म जॉइन' मारून डोमेनला जोडा, विषय संपला. एसएसएसडी एसआयडीवरून यूआयडी आपोआप गणितानं काढतं, एडीमध्ये काही भरावं लागत नाही.

सुरसागरकाठी

@टक्सभाई: नोडांपुरतं बरोबर आहे. एसएसएसडीचं गणित सगळीकडे सारखंच, त्यामुळे १२ नोडांवर आकडा एकच येईल. गाडी अडते ती फाइल सर्व्हरवर. सांबा ४.८ पासून डोमेन मेंबरवर एसएमबीडीला (सांबाची फाइली देणारी सेवा) विनबाइंड (सांबाचं एडीशी बोलणारं अंग) चालू लागतंच, नुसत्या एसएसएसडीवर भागत नाही. आणि विनबाइंडच्या आरआयडी बॅकएंडचं गणित वेगळं आहे. तिथे रेंजच्या सुरुवातीच्या आकड्यात आरआयडी मिळवला की झाला यूआयडी. एसएसएसडी एसआयडीचा हॅश काढून डोमेनला दोन लाखांचा एक तुकडा नेमून देतं. दोन हिशेबनीस, दोन वह्या. सर्व्हर म्हणणार ११११५, नोड म्हणणार काहीतरी कोटीतलं.

माझं मत: मिश्र घरात आकडा गणितानं काढूच नये, एडीमध्ये लिहून ठेवावा. आरएफसी २३०७ (१९९८ ची आहे, पण अजून ठणठणीत) मध्ये यूआयडीनंबर आणि जीआयडीनंबर (ग्रुपचा क्रमांक) ही ॲट्रिब्यूट आहेत, आणि एडीच्या स्कीमात ती २००३ आर२ पासून आयती बसलेली आहेत. नोडांवर एसएसएसडी ठेवा, पण 'एलडॅप आयडी मॅपिंग' फॉल्स करा म्हणजे ते गणित सोडून एडीतला आकडा वाचेल. सर्व्हरवर विनबाइंडचा 'एडी' बॅकएंड, स्कीमा मोड आरएफसी२३०७. मग वही एकच.

मकरपुरा_नोड

सुरसागरताई, एडीमध्ये यूजर उघडून पाहिला. 'यूनिक्स ॲट्रिब्यूट्स' असा टॅब असतो म्हणे, मला दिसत नाही. आमचा डोमेन कंट्रोलर (एडी चालवणारं मशीन) विंडोज सर्व्हर २०१९ आहे.

सुरसागरकाठी

तो टॅब सर्व्हर २०१६ पासून काढून टाकलाय. ॲट्रिब्यूट आहेत तिथेच, फक्त खिडकी गेली. व्ह्यू मेनूत 'ॲडव्हान्स्ड फीचर्स' चालू करा, मग यूजरच्या प्रॉपर्टीत 'ॲट्रिब्यूट एडिटर' येईल. चाळीस-पन्नास लोकांसाठी हातानं भरत बसू नका, एक सीएसव्ही करा आणि पॉवरशेलच्या सेट-एडीयूजरनं रिप्लेस वापरून भरा.

तीन ठिकाणी लोक हमखास आपटतात, म्हणून आधीच सांगते.

एडी हे आकडे स्वतः देत नाही आणि दोघांना एकच दिला तरी तक्रार करत नाही. वाटलेल्या आकड्यांची शीट तुम्हीच ठेवायची. आणि नोकरी सोडून गेलेल्याचा आकडा नव्या माणसाला कधीही द्यायचा नाही, नाहीतर जुन्याच्या फाइली आपसूक नव्याच्या होतात.

दुसरं, सांबात डोमेनसाठी दिलेली रेंज (समजा १०००० ते ९९९९९९) आणि * ची रेंज एकमेकींवर चढता कामा नयेत. रेंजच्या बाहेरचा आकडा विनबाइंड सरळ दुर्लक्षित करतं, काही बोलतही नाही.

तिसऱ्यात तर भलेभले अडकतात. 'डोमेन यूजर्स' या ग्रुपला जीआयडीनंबर द्या! विनबाइंड एरवी माणसाचा प्रायमरी ग्रुप विंडोजकडून घेतं, तो असतो डोमेन यूजर्स. त्या ग्रुपला आकडा नसेल तर यूजरला यूआयडी असूनही तो लिनक्सवर दिसतच नाही. लोक तासन् तास यूजरच्या मागे लागतात आणि खोट ग्रुपात असते.

रावपुरा_रूट

+१. तपासायचा क्रम पण लक्षात ठेवा. 'डब्ल्यूबीइन्फो -टी' म्हणजे डोमेनशी विश्वास शाबूत आहे का. 'डब्ल्यूबीइन्फो -यू' म्हणजे नावं येतात का. मग 'गेटएंट पासडब्ल्यूडी' आणि पुढे एका माणसाचं नाव. पहिली दोन चालतात आणि तिसरं गप्प, तर ताईंनी सांगितलेल्या शेवटच्या दोनपैकी एक कारण, नाहीतर एनएसस्विच.कॉन्फमध्ये विनबाइंड लिहायचं राहिलंय. आणि आकडे बदलल्यावर जुने कॅशमधून येत राहतात हे विसरू नका: सर्व्हरवर 'नेट कॅश फ्लश'. नोडांवर आयडी मॅपिंगच बदलताय, तिथे एसएसएसडी थांबवून त्याची कॅशची डेटाबेस फाइल उडवलेली बरी.

हे सगळं माउंट करायच्या आधी. नाव, आकडा, ग्रुप हे तिन्ही सर्व ठिकाणी सारखे येईपर्यंत एनएफएसला हातही लावू नका.

मकरपुरा_नोड

आकडे भरले. नोड डोमेनला जोडायला घेतले. १० जोडले गेले, अकराव्याला नकार. 'मशीन अकाउंटचा कोटा संपला' अशा अर्थाची एरर. तोच पासवर्ड, तीच कमांड.

रावपुरा_रूट

हा हा. एडीत साध्या यूजरला डीफॉल्टनं १० मशीनंच जोडता येतात. तुमचं अकाउंट ॲडमिन नाही म्हणजे, चांगली गोष्ट आहे. कोटा वाढवत बसू नका. ॲडमिनला सांगून नोडांसाठी वेगळी ओयू (एडीतला कप्पा) करून घ्या आणि त्या ओयूत मशीन जोडायचा अधिकार तुमच्याकडे सोपवून घ्या.

जोडताना तीन गोष्टी बघा. नोडचा डीएनएस डोमेन कंट्रोलरकडेच हवा. राउटरनं बाहेरचा डीएनएस दिला असेल तर केर्बेरॉसला (तिकिटं देऊन ओळख पटवायची एडीची पद्धत) कंट्रोलर सापडतच नाही. घड्याळात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक नको. आणि मशीनचं नाव १५ अक्षरांच्या आत.

टक्सभाई_तांदळजा

आकडे जुळले म्हणजे हक्क जुळले असं नाही हं. विंडोजची एसीएल (कुणाला काय करता येईल याची यादी) आणि लिनक्सचे आरडब्ल्यूएक्स (वाचा, लिहा, चालवा) या दोन वेगळ्या दुनिया आहेत. मी ज्या डेटा सेंटरात काम करतो तिथे नेटॲपचे स्टोरेजचे डबे आहेत. त्यांच्या ओनटॅप या सिस्टममध्ये प्रत्येक व्हॉल्यूमला सिक्युरिटी स्टाइल ठरवावी लागते: एनटीएफएस, यूनिक्स किंवा मिक्स्ड. नवा माणूस हटकून मिक्स्ड निवडतो, कारण नाव ऐकून वाटतं की हेच आपल्याला हवंय. प्रत्यक्षात मिक्स्डमध्ये ज्यानं शेवटचे हक्क बदलले त्याची स्टाइल त्या फाइलला लागते. लिनक्सवरून कुणी सीएचमॉड (हक्क बदलायची कमांड) मारला की विंडोजची एसीएल गेली.

तुमचे 'सकाळी गायब' होणारे हक्क त्याच जातीचे वाटतात.

सुरसागरकाठी

@टक्सभाई: आता बोललात!

सांबातही हीच भानगड, फक्त पडद्याआड. एसीएल_एक्सॲटर मॉड्यूल चालू असेल तर विंडोजनं दिलेली एसीएल फाइलच्या एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूटमध्ये जशीच्या तशी ठेवली जाते आणि सोबत खालच्या पॉझिक्स (लिनक्सच्या) हक्कांचा एक हॅश, म्हणजे ठसा, ठेवला जातो. पुढच्या वेळी सांबा हॅश पडताळतं. मध्ये कुणी लिनक्सच्या बाजूनं हक्क बदलले असतील तर हॅश जुळत नाही, मग सांबा ठेवलेली एसीएल बाजूला टाकून पॉझिक्सवरून नवी बनवतं. दिसायला तुमचे हक्क 'गायब'.

@मकरपुरा_नोड: रात्री नोडांवर काय चालतं? क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) बघा जरा.

मकरपुरा_नोड

ताई, दंडवत.

नोड १ च्या क्रॉनमध्ये पोस्टप्रोसेसिंगची एक जुनी स्क्रिप्ट आहे, रात्री दोनला चालते. रिझल्ट हलवून झाल्यावर शेवटची ओळ: पूर्ण प्रोजेक्ट फोल्डरवर 'सीएचमॉड -आर ७७५'. स्टोरेज वेगळं होतं तेव्हाची, कुणाला आठवतही नव्हती. ती ओळ काढली आणि आज सकाळी हक्क जागेवर आहेत.

विश्वामित्रीतली_मगर

दरोडेखोर घरातलाच निघाला.

सुरसागरकाठी

आता मालकी कुणाची ते फोल्डरगणिक ठरवून टाका. सीएफडी केसेसचं फोल्डर लिनक्सचं: हक्क तिथूनच द्यायचे, विंडोजवाल्यांनी सिक्युरिटी टॅबला हात लावायचा नाही. डिरेक्टरीवर सेटजीआयडी, म्हणजे २७७०, आणि डीफॉल्ट एसीएल, म्हणजे नवी फाइल प्रोजेक्टच्या ग्रुपचीच जन्माला येईल आणि ग्रुपला लिहिता येईल. तुमचं 'उघडते पण सेव्ह होत नाही' हे दुखणं इथेच संपतं, कारण आत्ता सॉल्व्हर ०२२ च्या यूमास्कनं (नव्या फाइलचे हक्क कापणारं सेटिंग) लिहितोय आणि ग्रुपला नुसतं वाचता येतंय. ड्रॉइंगचं फोल्डर विंडोजचं: तिथे नोडांना एनएफएसमधून फक्त वाचायला द्या.

एकाच फोल्डरवर दोघांना हक्क बदलायला दिलेत तर हा धागा पुढच्या वर्षी परत वर येईल.

मकरपुरा_नोड

'नोबडी' मात्र अजून दोन नोडांवर आहे. त्या दोनांवर जुनं डिस्ट्रो आहे.

रावपुरा_रूट

एनएफएस ४ मालक सांगताना नुसता आकडा पाठवू शकतं किंवा 'नाव ॲट डोमेन' असा मजकूर. मजकूर आला तर दोन्हीकडच्या आयडीमॅपडी.कॉन्फमधलं डोमेनचं नाव एकच हवं. नसेल तर मालक नोबडी. ते नाव जुळवा आणि त्या नोडांवर 'एनएफएसआयडीमॅप -सी' चालवून जुनी नोंद पुसा. नाहीतर बरोबर करूनही नोबडीच दिसेल आणि तुम्ही केस उपटत बसाल.

टक्सभाई_तांदळजा

एवढं केलंच आहे तर एनएफएसवर केर्बेरॉस लावून टाका की. 'मी १००४ बोलतोय' वर विश्वास ठेवणं २०२० नंतर शोभत नाही.

रावपुरा_रूट

तत्त्वतः मान्य. पण सीएफडीचा जॉब किती चालतो? दोन-तीन दिवस सहज. एडीचं केर्बेरॉस तिकीट डीफॉल्टनं १० तासांचं, नूतनीकरण ७ दिवसांपर्यंत, आणि तेही कुणीतरी करत राहायला हवं. माणूस रात्री जॉब लावून घरी गेला, पहाटे तिकीट संपलं, सॉल्व्हरला लिहायला परवानगी नाही. अर्धवट टाइमस्टेप घेऊन बसा. बॅच जॉबसाठी तिकीट जपायची सोय असते, पण उत्तरायणाच्या दोन दिवसांत ती बसवू नका.

मी असतो तर नोड आणि सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (बाकीच्यांपासून तोडलेलं नेटवर्क) टाकले असते, एनएफएसचं २०४९ पोर्ट फक्त त्या १२ पत्त्यांना, रूट स्क्वॉश (नोडवरच्या रूटला सर्व्हरवर रूट न मानणं) चालू, आणि तिथे सेक सिस. कुणाच्या टेबलावर लिनक्सचं मशीन असेल आणि त्याच्याकडे रूटचा पासवर्ड असेल, तर त्याला मात्र केर्बेरॉसशिवाय दारात उभं करू नका. स्वतःच्या मशीनवर रूट असलेला माणूस हवा तो यूआयडी धारण करू शकतो.

टक्सभाई_तांदळजा

हे पटलं. आमच्याकडे बॅच नाही, म्हणून लक्षात आलं नव्हतं. नोडांचं एलडॅप (एडीला माहिती विचारायचा प्रोटोकॉल) तरी ३८९ पोर्टवर उघडं सोडू नका. एडी प्रोव्हायडर वापरलात तर एसएसएसडी केर्बेरॉसनं ओळख पटवतं, ठीक. पण एखादं जुनं ॲप साधा पासवर्ड पाठवून बाइंड (लॉगिन) करत असेल तर ते ६३६ वर, म्हणजे एन्क्रिप्टेड एलडॅपवर, न्या.

मकरपुरा_नोड

बदल करून झाला, उंधियूही वेळेवर मिळाला. जुन्या फाइलींचे आकडे सर्व्हरवरच बसून बदलले. 'फाइंड'ला जुना यूआयडी देऊन सीएचओन (मालक बदलायची कमांड), एनएफएसवरून नाही. ओपनफोमच्या प्रोसेसर फोल्डरांत इतक्या बारक्या फाइली असतात की नेटवर्कवरून केलं असतं तर वासी उत्तरायणही (१५ तारीख) तिथेच गेलं असतं. पॉझिक्स एसीएलमध्येही जुने आकडे अडकलेले होते, सीएचओन त्यांना हात लावत नाही. 'गेटएफएसीएल'नं आकड्यांसकट फाइलीत काढल्या, आकडे बदलले आणि 'सेटएफएसीएल'च्या रिस्टोअरनं परत भरल्या.

एक कोडं शिल्लक आहे. आमच्या एका सीनियर मॅडमना एका प्रोजेक्टचं फोल्डर विंडोजवर उघडतं, लिनक्सवर 'परमिशन डिनाइड'. 'आयडी' मारलं तर त्या ग्रुपात दिसतायत.

सुरसागरकाठी

किती ग्रुप आहेत त्यांना?

मकरपुरा_नोड

२३. सगळ्या प्रोजेक्टांवर असतात त्या.

सुरसागरकाठी

सेक सिसच्या पाकिटात १६ च ग्रुप मावतात. हे सेटिंग नाही, प्रोटोकॉलची मर्यादा आहे. पुढचे सात सर्व्हरला दिसलेच नाहीत. नोडवर 'आयडी' बरोबर दिसणारच, कारण ते स्थानिक उत्तर आहे.

फाइल सर्व्हरवर एनएफएस.कॉन्फमध्ये माउंटडीच्या भागात 'मॅनेज-जीआयडीज' चालू करा. मग सर्व्हर नोडनं पाठवलेली ग्रुपांची यादी बघतच नाही, यूआयडीवरून स्वतः एडीला विचारतो. तुमचं विनबाइंड आता नीट आहे म्हणूनच हे चालेल. ३०११ च्या जमान्यात केलं असतं तर मॅडमनाच काय, कुणालाच काही उघडलं नसतं.

मकरपुरा_नोड

चाललं! मॅडम खूश.

जाता जाता अजून एक. काही लॉग फाइली विंडोजवर भलत्याच नावानं दिसतात, मध्ये टिल्डा असलेलं अगम्य काहीतरी. लिनक्सवर नाव व्यवस्थित आहे.

रावपुरा_रूट

नावात वेळ आहे का? तास, विसर्ग, मिनिटं?

मकरपुरा_नोड

विसर्ग? ओह, कोलन. हो, आहे.

रावपुरा_रूट

विंडोजला फाइलच्या नावात कोलन चालत नाही, म्हणून सांबा त्याला टोपणनाव देतं. कॅटिया नावाचं मॉड्यूल आहे, ते कोलनच्या जागी विंडोजला चालणारं दुसरं अक्षर दाखवतं. पण मी म्हणेन स्क्रिप्टमध्येच कोलनऐवजी डॅश टाका. आणि ती स्क्रिप्ट उघडलीच आहे तर बाकीच्या नोडांवरही त्या सीएचमॉडची प्रत कुठे पडली आहे का, ते बघून घ्या.

मकरपुरा_नोड

नोड ९ वर सापडली. उडवली.